विहिरीच्या पाण्यातलं कॅल्शियम निसर्गाचं की माणसाचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही तुमच्या अभ्यासक्षेत्रातल्या ४२ विहिरी आणि बोअरवेलचं पाणी तपासून घेतलंत. वरच्या अंगाला झुडपी माळ, खालच्या अंगाला शेती आणि वस्ती. खडक ग्रॅनाइटचा, त्यावर चुनखडीचे खडे असलेला मातीचा जाड थर. पायपर आकृतीत (आयनांच्या प्रमाणावरून पाण्याचे गट पाडणारी आकृती) बहुतेक नमुने ‘कॅल्शियम-बायकार्बोनेट’ गटात पडले. गिब्ज आकृतीत (पाण्यातले क्षार पाऊस, खडक की बाष्पीभवन यांपैकी कशामुळे आले ते सुचवणारी) ते ‘खडक’ आणि ‘बाष्पीभवन’ यांच्यामध्ये विखुरले. मग पीसीए केलं, म्हणजे सोबतीने कमीजास्त होणारे आयन थोड्या ‘घटकां’त गोळा करणारी संख्याशास्त्रीय रीत वापरली. पहिल्या घटकात ४८ टक्के आणि दुसऱ्यात १९ टक्के व्हेरियन्स (नमुन्यांमधला फरक) आला. पहिल्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, बायकार्बोनेट आहेत म्हणून तो नैसर्गिक. दुसऱ्यात नायट्रेट, क्लोराइड, पोटॅशियम आहेत म्हणून तो मानवी. तर ‘या भागातल्या भूजलावर निसर्गाचा प्रभाव ४८ टक्के आणि माणसाचा १९ टक्के’ असं प्रबंधात लिहिलं तर चालेल का?

नाही चालणार. पण तुमची चूक एकट्याची नाही. या विषयातले कितीतरी छापील लेख हेच करतात, त्यामुळे मार्गदर्शकांनी तसं सुचवलं असेल तर नवल नाही.

पीसीएचे ४८ टक्के म्हणजे ४२ विहिरींमध्ये एकमेकींच्या तुलनेत जो फरक आहे, त्या फरकाचे ४८ टक्के. पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे ते ४८ टक्के नव्हेत. समजा उद्या कोणी प्रत्येक विहिरीत अगदी सारखंच मीठ टाकलं. पाणी सगळीकडे मचूळ होईल, पण विहिरी-विहिरींमधला फरक तोच राहील आणि पीसीएला काही घडल्याचा पत्ताही लागणार नाही. उलट एकाच विहिरीशेजारी गळका शोषखड्डा असेल तर ती एकटी एक अख्खा घटक ओढून नेऊ शकते. शिवाय तुमच्या तक्त्यात विद्युतवाहकता, टीडीएस (एकूण विरघळलेले क्षार) आणि एकूण काठिण्य हे तिन्ही स्तंभ आयनांच्या सोबतीने घातलेले दिसतात. टीडीएस ही आयनांचीच बेरीज, काठिण्य ही कॅल्शियम-मॅग्नेशियमची बेरीज. तीच गोष्ट तीनदा मोजली की पहिला घटक फुगणारच. ते तिन्ही काढा, आकड्यांचे लॉगॅरिदम घ्या आणि पुन्हा चालवून पाहा. ४८ चा आकडा हलेल, आणि तो किती सहज हलतो हे बघितल्यावर त्यावर प्रबंधाचं वाक्य टांगावंसं वाटणार नाही.

खरा प्रश्न मला वेगळा दिसतो. ‘निसर्ग किती, माणूस किती’ असं पाण्याला एकदम विचारता येत नाही. ते प्रत्येक आयनाला वेगळं विचारावं लागतं, आणि तेही तीन भागांत: तू मुळात कुठून आलास, तुला विरघळवलं कोणी, आणि या विहिरीपर्यंत आणलं कोणी? पहिल्याचं उत्तर ‘खडक’ आणि दुसऱ्याचं ‘खत’ असं असू शकतं. अशा वेळी तो आयन कोणाच्या खात्यावर लिहायचा? सगळा घोळ इथे आहे, आणि तुमच्याच तीन नमुन्यांवर तो दाखवता येतो.

त्याआधी आकडे विश्वासाचे आहेत का ते पाहू. तुमच्या यादीतून मी ३, १७ आणि २९ हे नमुने घेतले आणि मिलिग्रॅमचे मिलीइक्विव्हॅलंट (वजनाऐवजी विद्युतभारावर मोजायचं एकक) केले. आयनांचा हिशेब नेहमी यातच करा. मिलिग्रॅममध्ये बायकार्बोनेटसारखा जड आयन उगाच मोठा दिसतो.

१७ नंबर शेतातली विहीर आहे. लिटरमागे कॅल्शियम १२०, मॅग्नेशियम ३६.५, सोडियम ६९, पोटॅशियम ४ मिलिग्रॅम. म्हणजे अनुक्रमे ६, ३, ३ आणि ०.१ मिलीइक्विव्हॅलंट. धन बाजूची बेरीज १२.१. ऋण बाजूला बायकार्बोनेट ३६६, क्लोराइड १०६, सल्फेट ४८, नायट्रेट १२४. म्हणजे ६, ३, १ आणि २. बेरीज १२. विद्युतभाराचा ताळा अर्ध्या टक्क्याच्या आत बसतो. ५ टक्क्यांपर्यंतची तफावत साधारणपणे चालते, त्यामुळे हा नमुना उत्तम. पण तुमच्या तक्त्यात याच नमुन्यापुढे ‘त्रुटी ९.५ टक्के’ लिहिलंय आणि प्रयोगशाळेवर संशय घेतलाय. प्रयोगशाळा निर्दोष आहे. तुम्ही ऋण बाजूच्या बेरजेत नायट्रेट धरलेलं नाही. नेहमीच्या सूत्रात ते बऱ्याचदा नसतं, कारण एकेकाळी ते नगण्य असायचं. आता नसतं. ताळ्यातली ही ‘त्रुटी’ म्हणजेच तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर होतं.

ताळ्याबद्दल एक इशारा मात्र देतो. मी नवीन असताना एकदा नमुन्यांच्या बाटल्या दोन दिवस उन्हात गाडीत राहिल्या. प्रयोगशाळेत पोचल्या तेव्हा तळाशी पांढरी साय धरली होती. पाण्यातला कार्बन डायऑक्साइड निघून गेला, सामू (पीएच) वाढला आणि कॅल्शियम कार्बोनेट खाली बसलं. निकाल आले, ताळा झकास जुळला, आणि मी खूश. ते सगळं चुकीचं होतं. कॅल्शियम जितकं खाली बसतं, तितकंच, मिलीइक्विव्हॅलंटला मिलीइक्विव्हॅलंट, बायकार्बोनेटही जातं. मग ताळा बिघडणार कसा? तेव्हापासून सामू आणि अल्कता (जिच्यावरून बायकार्बोनेट काढतात) मी विहिरीवरच मोजतो, कॅल्शियमची बाटली ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळून नायट्रिक आम्ल टाकून ठेवतो आणि नायट्रेटची बाटली वेगळी, आम्लाविना, थंड. (धातूंच्या बाटलीतूनच नायट्रेट मोजून घेणारे महाभाग मी पाहिलेत. टाकलेलं आम्ल नायट्रिक, आणि मोजतात नायट्रेट!) तुम्ही अल्कता कुठे मोजली ते लिहिलेलं नाही. प्रयोगशाळेत मोजली असेल तर खाली मी जे मांडतोय त्यातले बायकार्बोनेटचे आकडे थोडे सैल धरा.

आता ३ नंबर, माळावरची विहीर. वर शेती नाही, वस्ती नाही. कॅल्शियम ५२, मॅग्नेशियम १२, सोडियम २३. बायकार्बोनेट २३२, क्लोराइड १८, सल्फेट १०, नायट्रेट ४. हे पाणी वाचायला सोपं. मिलीइक्विव्हॅलंटमध्ये कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मिळून ३.६, बायकार्बोनेट ३.८. पावसाचं पाणी मातीतून उतरताना मुळांनी आणि जिवाणूंनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड उचलतं. मातीच्या हवेत तो वातावरणापेक्षा दहापट ते शंभरपट असतो. त्याचं कार्बोनिक आम्ल होतं, ते चुनखडी विरघळवतं, ग्रॅनाइटमधलं फेल्डस्पार हे खनिजही हळूहळू झिजवतं. चुनखडीतून कॅल्शियम आणि बायकार्बोनेट जवळजवळ समसमान निघतात. फेल्डस्पारमधून सोडियम, बायकार्बोनेट आणि सिलिका. इथे सोडियम १ आणि क्लोराइड अर्धा, म्हणजे उरलेलं अर्धं सोडियम बहुधा फेल्डस्पारचं. सिलिका मोजली असती तर नुसती शंका न राहता खात्री झाली असती.

मग क्लोराइड कुठलं? ग्रॅनाइटमध्ये ते जवळजवळ नसतंच. ते आकाशातून येतं. पावसात लिटरमागे २ मिलिग्रॅम क्लोराइड असेल आणि पडलेल्या पाण्याचे दहातले नऊ भाग ऊन आणि झाडं उडवून नेत असतील, तर उरलेल्या एका भागात ते २० होतं. पाणी उडतं, क्लोराइड उडत नाही, झाडं ते फारसं घेत नाहीत आणि मातीही धरून ठेवत नाही. म्हणून क्लोराइड हा माझा सगळ्यात विश्वासू साक्षीदार. ३ नंबरचे १८ मिलिग्रॅम केवळ पावसाने समजावता येतात. पावसाचे दोन-तीन नमुने घेऊन त्यातलं क्लोराइड मोजा, स्वस्तात मोठं काम होईल.

या ३ नंबरला पाया धरून १७ कडे परत या. क्लोराइड १८ वरून १०६, म्हणजे जवळजवळ सहापट. गिब्ज आकृती याला बिनदिक्कत ‘बाष्पीभवन’ म्हणते. ते तपासू. तेच पाणी फक्त आटून सहापट दाट झालं असतं तर सोडियम २३ वरून १३८ झालं असतं. प्रत्यक्षात ते ६९ आहे, बरोबर निम्मं. नायट्रेट ४ वरून २४ झालं असतं, प्रत्यक्षात १२४. एक आयन मागे पडलाय, दुसरा पाचपट पुढे गेलाय. नुसतं आटल्याने असं होत नाही. क्लोराइडचा बराच भाग खताच्या पोटॅशमधून आणि सांडपाण्यातून आलेला असणार. पोटॅशियम मात्र फक्त ४ मिलिग्रॅम, आणि त्यावरून तुम्ही ‘खताचा परिणाम नगण्य’ असं लिहिलंय. ते खोडा. पोटॅश खतातलं पोटॅशियम मातीतले चिकण कण पकडून ठेवतात आणि क्लोराइड खाली निसटतं. पोटॅशियम कमी सापडलं म्हणून खत सुटत नाही.

गिब्जबद्दल एवढंच सांगतो की १९७० मध्ये ती आकृती जगातल्या नद्या-तळ्यांच्या पाण्यासाठी मांडली गेली. भूजलात सांडपाण्यातलं मीठ नमुन्याला वर आणि उजवीकडे ढकलतं, आणि कागदावर ते हुबेहूब बाष्पीभवनासारखं दिसतं. त्या आकृतीत माणसासाठी जागाच ठेवलेली नाही. शिवाय बाष्पीभवन दिसलं तरी ते निसर्गाचंच असतं असंही नाही. विहिरीतून उपसलेलं पाणी शेतात सोडलं, त्यातलं बरंच उडालं, उरलेलं पाझरून त्याच विहिरीत आलं आणि पुन्हा उपसलं, की दर फेरीला क्लोराइड चढतं. ऊन निसर्गाचं आणि पंप माणसाचा.

पायपर (१९४४) ही आकृती मी रोज वापरतो, तिला नावं ठेवणार नाही. पण १७ नंबरचा बिंदू त्यावर कुठे पडतो ते पाहा. कॅल्शियम ५० टक्के, बायकार्बोनेट ६० टक्के. गट: कॅल्शियम-बायकार्बोनेट. म्हणजे माळावरच्या स्वच्छ विहिरीचाच गट! जागतिक आरोग्य संघटनेची नायट्रेटची मार्गदर्शक मर्यादा लिटरमागे ५० मिलिग्रॅम आहे; इथे तिच्या अडीचपट नायट्रेट आहे आणि आकृती म्हणते सगळं छान. कारण तिच्या त्रिकोणात नायट्रेटला कोपरा नाही, आणि ती फक्त प्रमाण दाखवते, पाणी किती दाट आहे ते नाही. शेजारी स्टिफच्या आकृत्या (प्रत्येक नमुन्याचे आयन मिलीइक्विव्हॅलंटमध्ये दाखवणारे बहुकोन) काढा, रुंदी बघूनच फरक कळेल.

आता मुद्द्याची गोष्ट, शीर्षकातलं कॅल्शियम. १७ नंबरमध्ये कॅल्शियम-मॅग्नेशियम मिळून ९ मिलीइक्विव्हॅलंट आणि बायकार्बोनेट ६. तीन जास्त आहेत. नायट्रेट २ अधिक सल्फेट १, बरोबर तीन. हा योगायोग नाही असं मला वाटतं, आणि कारण सांगतो. युरिया असो, शेणखत असो की संडासाचं पाणी, त्यातला नायट्रोजन मातीतले जिवाणू ऑक्सिजनच्या मदतीने नायट्रेटमध्ये बदलतात, आणि त्या खटाटोपात प्रत्येक नायट्रेटमागे आम्लाचा एक हायड्रोजन आयन सुटतो. (अमोनियम सल्फेटसारखं खत असेल तर दोन.) हे आम्ल चुनखडीचे खडे खातं. कार्बोनिक आम्लाने चुनखडी विरघळली तर २ भाग कॅल्शियममागे २ भाग बायकार्बोनेट मिळतं. या आम्लाने विरघळली तर २ भाग कॅल्शियममागे १ भाग बायकार्बोनेट आणि १ भाग नायट्रेट. मघाशी बायकार्बोनेट मागे पडलेलं दिसलं ते म्हणून.

हिशेब करू. २ मिलीइक्विव्हॅलंट नायट्रेटसोबत २ आम्ल. सगळं आम्ल चुनखडीनेच रिचवलं असं धरलं तर त्यातून ४ कॅल्शियम-मॅग्नेशियम आणि २ बायकार्बोनेट निघालं. काठिण्याच्या भाषेत (ते कॅल्शियम कार्बोनेट म्हणून मोजतात), या विहिरीच्या ४५० मिलिग्रॅम काठिण्यातले २०० पर्यंत. आणि ६ बायकार्बोनेटमधून हे २ वजा केले तर उरतात ४. माळावरच्या विहिरीत ३.८ होते. एवढं जुळणं हा काही पुरावा नव्हे. आम्लाचा काही भाग मातीच्या कणांनी शोषला असेल, काही सल्फेट जिप्सममधून आलं असेल, म्हणून २०० ही वरची मर्यादा समजा. पण दिशा स्पष्ट आहे.

म्हणजे तुमच्या ‘नैसर्गिक’ पहिल्या घटकात बसलेल्या कॅल्शियमचा आणि बायकार्बोनेटचा मोठा वाटा खताने किंवा सांडपाण्याने सोडवून आणलेला असू शकतो. कॅल्शियम चुनखडीचंच, त्यात माणसाने एक कणही टाकलेला नाही. कुलूप मात्र त्याने उघडलं. ते ४८ टक्क्यांत घालायचं की १९ मध्ये?

हे फक्त काठिण्यापुरतं असतं तर मी एवढं लांबण लावलं नसतं. कॅलिफोर्नियाच्या सॅन होआकिन खोऱ्यात युरेनियम गाळातलं, पूर्णपणे नैसर्गिक. सिंचनाचं पाणी मातीतून बायकार्बोनेट उचलून खाली गेलं आणि गाळाला चिकटलेलं युरेनियम सुटून विहिरींत आलं. २०१५ मध्ये अमेरिकेच्या मोठ्या जलधरांचे (भूजल साठवणाऱ्या थरांचे) आकडे एकत्र पाहून संशोधकांनी नायट्रेट आणि युरेनियम यांचाही संबंध दाखवला. त्याच सॅन होआकिनमध्ये २०१८ साली आणखी एक गोष्ट समोर आली: बेसुमार उपशाने चिकणमातीचे थर दबले आणि पिळलेल्या फडक्यासारखं त्यांतलं आर्सेनिकयुक्त पाणी बाहेर आलं. बंगालच्या त्रिभुज प्रदेशातलं आर्सेनिकही गाळाच्या लोह-ऑक्साइडांवर बसलेलं, सेंद्रिय कार्बन आणि जिवाणूंमुळे सुटणारं, माणसाच्या आधीपासूनचं. तिथे माणसाने केलं काय? पृष्ठभागावरच्या दूषित पाण्याने होणारे रोग टाळायला १९७० च्या दशकापासून लाखो कूपनलिका खोदल्या आणि त्या नेमक्या त्या थरात उतरल्या. आर्सेनिक निसर्गाचं, नळी माणसाची, आणि हेतू चांगला.

तुमचा २९ नंबर याच जातीचा आहे. खोल बोअरवेल. कॅल्शियम १२, मॅग्नेशियम ६, सोडियम १६१, बायकार्बोनेट ४२७, क्लोराइड २५, नायट्रेट १, फ्लोराइड २.४. तुम्ही याला ‘मानवी प्रभावाखालील क्षारयुक्त’ म्हटलंय, कारण सोडियम जास्त. मी उलट म्हणेन. मिलीइक्विव्हॅलंटमध्ये सोडियम ७ आणि क्लोराइड अवघं ०.७. सांडपाणी किंवा मीठ असतं तर क्लोराइड बरोबर आलं असतं. हे पाणी खोलवर फार काळ खडकात मुरलंय; चिकण खनिजांनी त्यातलं कॅल्शियम घेऊन सोडियम दिलं, फेल्डस्पारनेही सोडियम घातलं. आणि कॅल्शियम घटलं म्हणूनच फ्लोराइड चढलं. फ्लोराइट हे कॅल्शियम आणि फ्लोराइडचं खनिज. पाण्यात एक जास्त असेल तर दुसऱ्याला वर जाऊ देत नाही. ढोबळ मानाने १२० मिलिग्रॅम कॅल्शियम असलेल्या पाण्यात फ्लोराइड पावणेदोन मिलिग्रॅमच्या आसपास अडतं. कॅल्शियम १२ वर आलं की हीच कमाल साडेपाचपर्यंत जाते. पूर्व आफ्रिकेच्या खचदरीतली सोडियम-बायकार्बोनेटयुक्त पाणी फ्लोराइडसाठी बदनाम आहेत, त्यामागे ज्वालामुखी खडकाच्या जोडीला हेही कारण आहे. फ्लोराइडची मार्गदर्शक मर्यादा १.५ आहे, म्हणजे २९ नंबरचं पाणी रोज प्यायला नको. सगळ्यात ‘नैसर्गिक’ पाणी असूनही नको.

माणसाचा हात यात इतकाच असू शकतो की वरच्या विहिरी आटल्या म्हणून बोअर खोल नेली. किंवा केसिंग (बोअरच्या आतला संरक्षक पाइप) अर्धवट घातल्याने वरचं आणि खालचं पाणी एकाच छिद्रात मिसळतंय. पण नायट्रेट १ असल्यामुळे असं मिसळणं मला आज तरी दिसत नाही. पण इथेही सावध राहा: नायट्रेट नाही म्हणजे प्रदूषण नाही, असं नसतं. ऑक्सिजन संपलेल्या थरात जिवाणू नायट्रेट खाऊन नायट्रोजन वायू करून टाकतात. विरघळलेला ऑक्सिजन, लोह, मँगनीज पाहिल्याशिवाय कमी नायट्रेटवर विश्वास ठेवू नका. उलटही खरं. काही वाळवंटी भागांत मुळांच्या खाली हजारो वर्षांत साचलेलं नैसर्गिक नायट्रेट असतं आणि सिंचनाचं पाणी ते खाली ढकलतं. तुमच्या माळावर ४ मिलिग्रॅम आहे, म्हणून मी ती शक्यता बाजूला ठेवली. माळाचा एकच नमुना असता तर ठेवली नसती. तुमच्याकडे असे पाच आहेत.

मग टक्केवारी द्यायचीच नाही का? देता येते, पण एका आयनाची, एका विहिरीची, गृहीतकं सांगून. उदाहरणार्थ: ‘१७ नंबरमधलं सगळं जादा क्लोराइड बाष्पीभवनाचंच मानलं तरी नैसर्गिक नायट्रेट २४ मिलिग्रॅमच्या वर जात नाही, म्हणून उरलेले किमान १००, म्हणजे सुमारे ८० टक्के, माणसाकडून.’ हे वाक्य कोणीही तपासू शकतं, खोडू शकतं. ‘मानवी प्रभाव १९ टक्के’ हे वाक्य खोडताही येत नाही, कारण त्याला अर्थच नाही.

प्रदेशाची नैसर्गिक पातळी काढायची असेल तर युरोपात वापरली गेलेली एक साधी रीत आहे: नायट्रेट १० मिलिग्रॅमच्या वर असलेले नमुने गाळायचे, उरलेल्यांत प्रत्येक आयनाचं ९० वं शतमानक (ज्याच्या खाली ९० टक्के नमुने येतात तो आकडा) नैसर्गिक कमाल धरायचं. ४२ नमुन्यांत गाळल्यावर तुमच्याकडे जेमतेम पंधरा उरतील, तेही माळावरचे आणि खोल बोअरचे मिसळून. ते दोन गट वेगळे ठेवा, नाहीतर २९ नंबरचं सोडियम माळाच्या विहिरींची ‘नैसर्गिक पातळी’ ठरवेल.

काही गोष्टी तुमच्या जागेवर अवलंबून आहेत, त्या मी इथून ठरवू शकत नाही. आज दिसणारं नायट्रेट आजच्या खताचं असेल असं नाही. इंग्लंडच्या चॉक (मऊ पांढऱ्या चुनखडीच्या) खडकात पाणी वर्षाला सुमारे एक मीटर खाली सरकतं; पाणीपातळी तीस मीटरवर असेल तर आजची विहीर तीस वर्षांपूर्वीच्या शेताची हकिगत सांगते. भेगाळ ग्रॅनाइटमध्ये तेच अंतर एका पावसात कापलं जाऊ शकतं. तुमचे सगळे नमुने कोरड्या हंगामातले आहेत. पावसानंतर निदान बारा विहिरी पुन्हा घ्या, त्याच घ्या, नव्या नको. विद्युतवाहकता स्थिर होईपर्यंत पंप चालू ठेवा आणि मगच बाटली भरा.

पुढच्या तपासण्यांसाठी थोडा निधी आहे असं तुम्ही लिहिलंय. माझ्या हातात असता तर मी सगळ्या ४२ वर काहीच केलं नसतं. १७ सारख्या सहा-आठ विहिरी निवडून नायट्रेटमधल्या नायट्रोजन-१५ आणि ऑक्सिजन-१८ (त्याच मूलद्रव्यांचे जड समस्थानिक) यांचं प्रमाण काढलं असतं. हवेतल्या नायट्रोजनच्या तुलनेत मोजलेलं रासायनिक खताचं नायट्रोजन-१५ साधारण शून्याच्या आसपास असतं, शेणाचं आणि सांडपाण्याचं बहुधा १० ते २० प्रति हजार. एकटं नायट्रोजन पाहू नका. जिवाणूंनी अर्धवट खाल्लेलं खताचं नायट्रेट शेणासारखं दिसू लागतं, तेव्हा ऑक्सिजन उपयोगी पडतो. त्याच विहिरींत ब्रोमाइडही मोजून घेतलं असतं. वजनाच्या हिशेबात क्लोराइड-ब्रोमाइड गुणोत्तर समुद्राच्या पाण्यात २९० च्या जवळ, सांडपाण्यात ३०० ते ६००, आणि खनिज मीठ विरघळलेलं असेल तर हजारांत. सुक्रालोजसारखं कृत्रिम गोडी आणणारं द्रव्य सापडलं तर सांडपाण्याबद्दल वादच संपतो. ते कुठल्याच खडकात नसतं. आणि २९ नंबरसाठी ट्रिटियम (अणुचाचण्यांनी पावसात वाढलेला किरणोत्सारी हायड्रोजन). अजिबात नसेल तर ते पाणी १९५० च्या दशकातल्या अणुचाचण्यांच्या आधीचं, आणि मग त्यातलं फ्लोराइड कोणाचं हा प्रश्न मिटला.

जाता जाता: तुमच्या यादीत ३१ ते ४२ या बारा नमुन्यांचं नायट्रेट एकदम कमी आहे, आणि ते दुसऱ्या प्रयोगशाळेतून आलंय. तिने आकडा ‘नायट्रेट’ म्हणून दिलाय की ‘नायट्रेटमधला नायट्रोजन’ म्हणून, ते विचारा. दुसरं असेल तर प्रत्येक आकड्याला ४.४३ ने गुणावं लागेल. माझ्या एका जुन्या नकाशावर याच चुकीमुळे एक सुरेख ‘नैसर्गिक सीमा’ उमटली होती, आणि तिच्यामागचा भूगर्भ समजावणारा दीड पानाचा मजकूर मी लिहूनही टाकला होता. ती सीमा दोन प्रयोगशाळांमधली होती.

तो खुलासा, २९ नंबरच्या केसिंगची खोली आणि अल्कता कुठे मोजली ते कळवा. मग उरलेल्या विहिरी एकेक करून बघू.